पांढऱ्या हत्तीला चारा कोण घालतो?

मागच्या दिवाळीत कळंबला मावसबहिणीकडे गेलो होतो. हे धाराशिवचं कळंब नव्हे, यवतमाळ जिल्ह्यातलं, नागपूर-यवतमाळ रस्त्यावरचं, चिंतामणीचं. भाची दहावीला आहे. घरात शिरलो तर ती इंग्रजीची वही घेऊन तावातावानं बसलेली. शिकवणीत दहा वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करायला दिला होता. नऊ बरोबर आले होते, दहाव्यावर लाल शाईची काट होती. वाक्य असं होतं: ‘इंद्र हॅज अ व्हाइट एलिफंट.’

“मामा, याच्यात चुकलं काय?” तिनं विचारलं.

व्याकरणात काहीच चुकलं नव्हतं. उलट ‘एलिफंट’ पाहून बहुतेक मुलं घाईनं ‘ॲन’ लावतात, हिनं मधला ‘व्हाइट’ ध्यानात ठेवून नीट ‘अ’ लावला होता. माहितीही खरी होती. इंद्राचा ऐरावत पांढराच. आणि कळंबच्या मुलीला इंद्र आठवला नाही तर कोणाला आठवणार? गावातलं चिंतामणीचं देऊळ जमिनीच्या पातळीच्या खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. अहल्येच्या प्रकरणात गौतम ऋषींचा शाप भोगणाऱ्या इंद्रानं इथे गणपतीची आराधना केली आणि त्याची सुटका झाली, अशी कथा आहे. तिथल्या कुंडाचं पाणी बारा वर्षांनी वर चढून मूर्तीच्या पायांना लागतं आणि उतरतं, असं गावात मानतात. म्हणजे देव हत्तीच्या तोंडाचा आणि त्याचा पहिला भक्त हत्तीवर बसणारा. अशा गावात ‘पांढरा हत्ती’ म्हटल्यावर दुसरं काय सुचेल?

तरीही काट बरोबर होती. ‘अ व्हाइट एलिफंट’ या इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ असा: गळ्यात पडलेली, पोसायला प्रचंड खर्चिक, त्या मानानं कामाला न येणारी आणि टाकूनही देता न येणारी वस्तू. इंद्राला ऐरावत जड झाला, असं कुठल्याच पुराणात नाही.

“पण असा अर्थ झालाच काऊन?” भाचीनं विचारलं. तिला दिलेलं उत्तर त्या संध्याकाळी अर्धवटच राहिलं होतं. ते इथे पुरं करतो.

मार्गदर्शिकांमध्ये एक गोष्ट छापलेली असते. सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या राजाची एखाद्या दरबाऱ्यावर खप्पामर्जी झाली की राजा त्याला पांढरा हत्ती भेट द्यायचा. हत्ती पवित्र, म्हणून त्याच्याकडून काम करून घेता येत नाही. राजाची भेट, म्हणून विकता येत नाही, परत करता येत नाही. पोसता पोसता बिचारा दरबारी भिकेला लागायचा. गोष्ट झकास आहे, अर्थही चटकन कळतो. अडचण एवढीच की ती घडल्याचा पुरावा सापडत नाही. मुळात तिथली रीत नेमकी उलटी होती. राज्यात कुठेही पांढरा हत्ती सापडला तर तो राजाचा. असा हत्ती राजा दुसऱ्याला देईल कशाला? ज्याच्याकडे पांढरे हत्ती जास्त त्याचं पुण्य मोठं, अशी त्या राजांची समजूत होती. नको असलेल्या माणसाच्या गळ्यात मारायची ती चीज नव्हती. शेजाऱ्याकडे असली तर हिसकावून आणायची होती.

आणि ती हिसकावली गेलीही. सोळाव्या शतकात अयुथ्याचा राजा महाचक्रफत याच्याकडे बरेच पांढरे हत्ती जमले होते. ब्रह्मदेशातल्या पेगूच्या बयिन्नौंग राजानं त्यातले दोन मागितले. नकार मिळाला. 1563 साली बयिन्नौंग फौज घेऊन निघाला. पुढच्या वर्षी तह झाला तेव्हा दोनाऐवजी चार पांढरे हत्ती द्यावे लागले, शिवाय राजपुत्र ओलीस गेला तो वेगळाच. हत्ती हे निमित्त होतं, खरी भूक राज्याची होती, हे उघड आहे. पण निमित्त म्हणून हत्ती चालला, यावरूनच त्याचं मोल कळतं.

हे हत्ती चुन्यासारखे पांढरेही नसत, हेही सांगून टाकतो. कातडी फिकट, तांबूस-गुलाबी, डोळे आणि नखं फिकी; अशी लक्षणं जाणकार तपासत. 1884 मध्ये अमेरिकेतल्या बार्नम या सर्कसवाल्यानं ब्रह्मदेशातून ‘तौंग तलौंग’ नावाचा पांढरा हत्ती मोठा खर्च करून आणला, तर लोकांना तो राखाडीच दिसला. त्याच्या फोरपॉ नावाच्या स्पर्धकानं मग साध्या हत्तीला पांढरा रंग फासून उभा केला. आपल्याकडे आता तेच काम फिल्टर करतो.

बयिन्नौंगच्या मुलाच्या काळात, 1586 च्या सुमारास, राल्फ फिच नावाचा लंडनचा व्यापारी पेगूला पोचला. हा माणूस आपल्याला जवळचा आहे. 1583 मध्ये इंग्लंडहून निघून, गोव्यात पोर्तुगिजांच्या तावडीतून निसटून, विजापूर, गोवळकोंडा, बिदर करत तो वऱ्हाडातल्या बाळापूरवरून बऱ्हाणपूरला आणि तिथून अकबराच्या राज्यात गेला. या मुलखातून गेल्याची लेखी नोंद ठेवणाऱ्या पहिल्या काही इंग्रजांपैकी तो एक. पेगूत त्यानं पांढऱ्या हत्तींचा थाट पाहिला. खाणं चांदीच्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या भांड्यांत. आंघोळीला नदीवर निघाले की डोक्यावर भरजरी छत, पुढे वाजंत्री. पाण्यातून वर आले की पाय धुवायला माणूस चांदीचं घंगाळ घेऊन हजर. फिचनं हे सगळं नीट टिपून ठेवलं. 1591 मध्ये तो घरी परतला आणि पुढे त्याचा वृत्तांत छापून इंग्रज वाचकांच्या हातात पडला.

मला वाटतं, वाक्प्रचाराचं बी अशाच नजरेत आहे. दरबारी माणसाला त्या चांदीच्या घंगाळात राजाचं ऐश्वर्य दिसतं. व्यापाऱ्याला घंगाळाची किंमत दिसते. फिचसारख्या प्रवाशांनी पुढे शंभर-सव्वाशे वर्षं असल्या हकिकती इंग्लंडात नेल्या आणि 1721 पर्यंत लंडनच्या वर्तमानपत्री लेखनात ‘पांढरे हत्ती’ हा शब्द पोकळ, महागड्या वैभवासाठी वापरलेला आढळतो. सयामी दरबाऱ्याची गोष्ट बहुधा नंतर, अर्थ समजावण्यासाठी जुळवलेली असावी. वाक्प्रचारांच्या बाबतीत असं नेहमीच होतं: अर्थ आधी, कथा मागाहून.

आता फिच वऱ्हाडातून गेला त्याच सुमाराच्या कळंबकडे वळू. अकबरानं 1596 मध्ये वऱ्हाड घेतलं. त्याच्या राज्याचा जो प्रचंड दफ्तरी ग्रंथ अबुल फझलनं सिद्ध केला, त्या ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये ‘कलम’ हे एक सरकार आहे. तेच हे कळंब. आज तालुक्याचं गाव असलेलं कळंब तेव्हा सरकारचं ठाणं होतं. आजच्या भाषेत जिल्ह्याचं ठिकाण म्हणा. अबुल फझल त्याला जुनं, महत्त्वाचं शहर म्हणतो आणि तिथल्या म्हशी प्रसिद्ध असल्याचं सांगतो. लगेच पुढे शेजारच्या चांद्याच्या गोंड जमीनदाराचा उल्लेख येतो आणि त्या मुलखात रानटी हत्ती पुष्कळ असल्याचं तो नोंदवतो. म्हणजे कळंबच्या म्हशी आणि चांद्याचे हत्ती एकाच परिच्छेदात! भाचीला हे सांगितलं तेव्हा तिला म्हशींचंच जास्त कौतुक वाटलं.

‘ऐन’मध्ये हत्ती पोसण्याचा हिशेब फार बारकाईनं दिला आहे. हत्तींच्या प्रती ठरवलेल्या, प्रत्येक प्रतीचा रोजचा खुराक मण-शेरांत, कुठल्या हत्तीमागे किती माणसं तेही. दहा, वीस, तीस हत्तींचा मिळून एक ‘हलका’. असे हलके बादशहा बड्या सरदारांवर देखरेखीसाठी सोपवायचा. सयामच्या त्या दंतकथेच्या किती जवळ आलो पाहा: राजाचे हत्ती सरदाराच्या दारात. पण इथे खाली एक ओळ आहे, की चारा सरकारातून मिळतो. त्या एका ओळीनं गोष्ट फिरते. चारा राजाचा असेल तर दारातला हत्ती म्हणजे मान. चारा आपला असेल तर तोच हत्ती म्हणजे शिक्षा.

मराठीनं हत्तीकडे कायम मानाच्या बाजूनंच पाहिलं. दारात हत्ती झुलणं म्हणजे घर भरभराटीला येणं. गजान्तलक्ष्मी म्हणजे हत्ती बाळगण्यापर्यंत पोचलेली श्रीमंती. आनंद झाला की हत्तीवरून साखर वाटायची. पांढऱ्या हत्तीचं तर विचारूच नका. सिद्धार्थाच्या जन्माआधी महामायेच्या स्वप्नात पांढरा हत्ती येतो, आणि अजिंठ्याच्या दहाव्या आणि सतराव्या लेण्यांत सहा दातांच्या पांढऱ्या गजराजाचं जातक रंगवलेलं आहे. आपल्या कानाला ‘पांढरा हत्ती’ हे शब्द शेकडो वर्षं मंगलच लागत होते.

मग इंग्रजी आलं. 1853 च्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. शाळा-कचेऱ्या आल्या, आणि पुढे भाषांतर पाठमाला आल्या. विद्यार्थी इंग्रजी वाक्याचं मराठी आणि मराठीचं इंग्रजी करत सुटले. वर्तमानपत्रांत काम करणारी शिकलेली माणसं याच वर्गांतून बाहेर पडली होती आणि त्यांच्या हातून इंग्रजी वाक्प्रचार शब्दाला शब्द ठेवून मराठीत उतरले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली ती ‘मराठी भाषेची सद्यःस्थिती’ या निबंधानं. इंग्रजी वळणाच्या मराठीबद्दलची तक्रार इतकी जुनी आहे. पण तक्रार करून भाषा थांबत नाही. प्रकाश टाकणं, भाग घेणं, लालफीत, शीतयुद्ध, काळा बाजार हे सगळे त्याच वाटेनं आले आणि आता घरचे झाले. पांढरा हत्तीही त्यांच्याबरोबर आला, फक्त येताना मंगल अर्थ दाराबाहेर ठेवून.

काही वाक्प्रचार येताना पार उलटतात, हेही खरं. ‘लायन्स शेअर’ म्हणजे शिकारीतला सगळ्यात मोठा, दांडगाईनं बळकावलेला हिस्सा. आपण ‘या यशात तिचा सिंहाचा वाटा आहे’ असं म्हणतो तेव्हा तिनं सगळ्यात जास्त काम केलं असं सुचवतो. इंग्रजी सिंह घेतो, मराठी सिंह देतो. मराठीत ते आता बरोबरच आहे. पण इंग्रजी पेपरात कुणाच्या कष्टाचं कौतुक म्हणून ‘शी टुक द लायन्स शेअर’ लिहिलंत, तर तुम्ही तिला हावरट ठरवून मोकळे व्हाल.

पांढऱ्या हत्तीचं मराठीत तसं उलटलं नाही, पण सैल मात्र झालं. आता कुठल्याही मोठ्या, रखडलेल्या, पैसा खाणाऱ्या सरकारी गोष्टीला आपण पांढरा हत्ती म्हणतो. विदर्भातल्याच गोसीखुर्द धरणाचं घ्या. सुरुवातीचा अंदाज 372 कोटींचा, 1988 मध्ये पायाभरणी, आणि पुढे आकडा अठरा हजार कोटींच्या वर गेला. मथळ्यांत तो सर्रास पांढरा हत्ती होतो. मला हे पटत नाही. धरणाचं पाणी शेतात पोचलं तर त्याचा उपयोग आहेच. इथे खोट धरण निरुपयोगी असण्यात नाही, ते वेळेत पुरं न करण्यात आहे. अपुऱ्या कामाला पांढरा हत्ती म्हटलं की दोष हत्तीवर जातो आणि माहूत सुटतो.

याहून वाईट होतं ते लोकांच्या रोजच्या सोयीबाबत. यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी 113 किलोमीटरची नॅरोगेज रेल्वे होती, सगळ्यांची लाडकी ‘शकुंतला’. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेला लावण्यासाठी किलिक-निक्सनच्या कंपनीनं ती बांधली. रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तरी मार्ग कंपनीचाच राहिला. गाडी चालवायची भारतीय रेल्वेनं आणि मोबदला कंपनीला द्यायचा. 1994 पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावत होती. गेली काही वर्षं ती बंद आहे. रेल्वेच्या हिशेबाच्या वहीत शकुंतला पांढरा हत्ती असेलही. पण डोक्यावर बोचकं घेऊन, बसपेक्षा कितीतरी कमी भाड्यात बाजाराला जाणाऱ्या बाईच्या लेखी ती काय होती? तिनं हा शब्द कधी वापरला नसता. हत्ती पोसणारा एक आणि त्याच्यावर बसणारा दुसरा असला, की वाक्य कोण लिहितंय यावर सगळं ठरतं. कमी पटाच्या खेड्यातल्या शाळेबद्दल हा शब्द कुठे वाचलात, तर लिहिणाऱ्याचं मूल कुठल्या शाळेत जातं ते जरूर पाहा.

कळंबलाही आता रेल्वे आली आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या ब्रॉडगेज मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा पुरा झाला आणि 28 फेब्रुवारी 2024 रोजी पंतप्रधानांनी यवतमाळच्या कार्यक्रमातून या टप्प्यावरच्या गाडीला हिरवा झेंडा दाखवला. म्हणजे गाडी कळंबपर्यंत, भाषण यवतमाळात, आणि यवतमाळपर्यंत रूळ अजून यायचे होते. त्या दिवाळीत ओट्यावर बसलेल्या एकानं मला सांगितलंच, “पांढरा हत्ती हाये तो, मामा.” (बहिणीच्या गावात आख्खं गाव मला मामाच म्हणतं.) मी म्हटलं, अजून नाही. अर्ध्या वाटेवर थांबलेल्या गाडीला एवढ्यात तो शब्द लावायचा नसतो.

मग भाचीला तीन प्रश्न सांगितले. वस्तू ज्याच्याबद्दल बोलतोस त्याच्याच गळ्यात आहे का? ती पोसण्याचा खर्च तिच्या उपयोगापेक्षा फार जास्त आहे का? आणि ती टाकता येत नाही अशी काही अडचण आहे का: मान, लाज, कर्ज, भावकी, काहीही? तिन्हींना ‘हो’ आलं तरच ‘व्हाइट एलिफंट’. नुसती महाग वस्तू नाही. नुसती मोठी नाही. दुर्मिळ आणि सुंदर तर मुळीच नाही. पुण्याला शिकताना माझ्या एका मित्रानं ‘यू आर अ व्हाइट एलिफंट इन माय लाइफ’ असं एका मुलीला लिहून पाठवलं होतं. तिचं इंग्रजी चांगलं होतं. गोष्ट तिथेच संपली.

भाची वही घेऊन आत गेली. मी ओसरीवर तिच्या आजोबांपाशी बसलो. समोर अंगणात ट्रॅक्टर उभा होता, लाल, बोनेटला हार घातलेला, दिवाळीची पूजा नुकतीच झालेली. चार एकर कोरडवाहू, त्यात कापूस आणि तूर. बैलजोडी विकून आणि उरलेलं कर्ज काढून दोन वर्षांपूर्वी घेतलेला. वर्षातले मोजके दिवस चालतो, भाड्यानं द्यावा तर गावात आणखी कितीतरी ट्रॅक्टर झालेत. हप्ता मात्र सहा महिन्यांनी नेमानं येतो. विकावा तर, लोक काय म्हणतील, हे बहिणीनं स्वयंपाकघरात मला हळू आवाजात सांगितलं होतं. आजोबा मात्र त्याच्याकडे पाहून खूश होते. “आपल्या बापजाद्यानं पायलं नोयतं,” ते म्हणाले, “दारात हत्ती झुलून रायला.”

तेवढ्यात भाची बाहेर आली. वही माझ्यापुढे धरली. काट मारलेल्या ओळीखाली नवं वाक्य होतं: ‘अवर ट्रॅक्टर इज अ व्हाइट एलिफंट, बट माय ग्रँडफादर लव्ज इट.’

मी वाचलं आणि वही मिटली.

“काय लिवलं वं माय?” आजोबांनी विचारलं.

“तुमच्या ट्रॅक्टरवर लिवलं, आबाजी,” ती म्हणाली. “हत्ती म्हटलं त्याले.”

“बरोबर लिवलं,” आजोबा म्हणाले, आणि पोचारा घेऊन ट्रॅक्टर पुसायला उठले.